टिनावरची नाताळची लायटिंग आणि कपडे वाळवायची तार : एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे घर अमरावती जिल्ह्यात, अचलपूर तालुक्यातल्या एका लहान गावातलं. ओळख पटू नये म्हणून गावाचं आणि माणसांची नावं गाळली आहेत. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवतो. घरातला थोरला मुलगा ओळखीचा, म्हणून मला बोलावणं आलं.

घराचा मागचा भाग मातीच्या भिंतींचा, वर कवेलू (कौलं). पुढे नंतर बांधलेल्या दोन खोल्या आणि सपरी, म्हणजे पडवी. त्यांच्यावर लोखंडी पाइपांच्या कैच्या आणि टिन. सपरीच्या पाइपापासून अंगणातल्या कडुनिंबापर्यंत कपडे वाळत घालायची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार बांधलेली. रोडच्या बाजूला विजेचा खांब, तिथून सर्व्हिस वायर घराच्या उजव्या कोपऱ्यावर उतरते. मीटरही तिथंच. मीटरशेजारी जुने किटकॅट (चिनीमातीचे, तार बदलायचे) फ्यूज, आणि त्यात बोटाने वळलेली जाड तार. अर्थिंगची वायर भिंतीवरून खाली आली होती, पण मातीत शिरण्याआधीच गंजून तुटली होती. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या घरांत चित्र याहून फार वेगळं नसतं.

गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. नाताळात करंज्या, चिवडा, अनारसे असा दिवाळीसारखाच फराळ होतो, आणि २४ तारखेच्या रात्री कॅरोल गाणारी मंडळी परतवाड्याहून गाडी करून येतात. घरातल्या म्हाताऱ्या बाबांच्या वडिलांपासून एक रीत आहे : बांबूच्या कामट्या आणि पतंगी कागदाचा तारा घराच्या उजव्या कोपऱ्यावर उंच लावायचा. आधी त्यात कंदील असे, मग साठचा बल्ब आला, आता एलईडी.

यंदा पुण्याला नोकरी करणारा धाकटा मुलगा लवकर आला होता. त्याने तेवढ्या ताऱ्यावर न भागवता अख्खं घर उजळायचं ठरवलं.

अडचण

त्याने आठ माळा लावल्या. चार नव्या. चार मागच्या दिवाळीच्या, कापूस ठेवायच्या खोलीत खोक्यात पडलेल्या. टिनाच्या कडेला बायंडिंग वायरने आवळून सगळ्या बांधल्या. एका माळेचा प्लग तुटलेला होता, म्हणून तिची वायर दुसरीच्या वायरला पिळून वर टेप गुंडाळली. सगळ्यांचा पुरवठा सपरीतल्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर. दिसायला झकास. पहिल्या रात्री गावातली पोरं पाहायला आली होती.

दोन-तीन दिवसांनी सकाळी थोरली सून तारेवर ओले कपडे टाकत होती. हाताला मुंग्या आल्या. तिने नवऱ्याला सांगितलं. त्याने जेवण झाल्यावर, भर दुपारी, प्लास्टिकच्या खुर्चीवर चढून टिनाला टेस्टर लावला. दिवा पेटला नाही. “हिवाळ्यात होतेच असं, लोकरीच्या कपड्यानं,” असा निकाल लागला आणि विषय संपला.

या प्रकरणातला निर्णयाचा पहिला क्षण हाच होता. टेस्टरचा निऑन पेटतो तो आपल्या अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या अगदी बारीक प्रवाहावर. कोरड्या प्लास्टिकच्या खुर्चीवर उभं राहून टेस्टर लावला, तर तो न पेटणं यातून काहीच सिद्ध होत नाही. त्यातून वेळ दुपारची. सून पुढे मला म्हणाली तेच खरं निदान होतं : “सर, दुपारी काहीच नाई. सकायी सकायी येतेत मुंग्या, दव पडलं असलं का.” तिने वेळ नेमकी सांगितली होती. ऐकणाऱ्यांनी मुंग्या तेवढ्या ऐकल्या.

त्यानंतर २२ तारखेच्या सकाळी शाळेत जाणाऱ्या नातीने अनवाणी पायांनी, ओल्या अंगणात उभं राहून तारेवरचा टॉवेल ओढला. ती किंचाळून मागे पडली. लागलं नाही. पण त्या दिवशी मला फोन आला.

तपासणी

मी पोचलो तेव्हा दिवस कलत होता. “लायटिंग बंदच आहे सर,” धाकट्याने सांगितलं. माळेच्या डबीवरचं बटण दाबून दिवे विझवले होते, बोर्डाचा स्विचही खाली होता. प्लग मात्र लागलेलाच होता.

स्वस्त माळांचा प्लग दोन पिनांचा. तो कसाही उलटा-सुलटा बसतो, त्यामुळे फेज, म्हणजे दाब असलेली जिवंत तार, माळेच्या कोणत्या वायरीत जाईल याचा भरवसा नाही. अर्थची पिन नाहीच. डबीचं बटण फक्त दिव्यांची उघडझाप चालवतं. वायरीतला दाब ते तोडत नाही. आणि त्या एक्स्टेन्शन बोर्डात स्विच फेजवर नव्हता, न्यूट्रलवर, म्हणजे प्रवाह परत नेणाऱ्या तारेवर, जोडलेला होता. म्हणजे स्विच खाली, दिवे विझलेले, आणि माळेच्या तांब्यात २३० व्होल्ट जसेच्या तसे. बंद म्हणजे प्लग उपटलेला, हे मी वर्गात मुलांना सांगतो. इथे ते घरच्यांना दाखवता आलं.

मग हापशीजवळच्या ओल्या मातीत एक सळई ठोकली. ती आणि टिन यांच्यात मल्टिमीटर धरला. प्लग लावलेला, टिन कोरडा : काटा जेमतेम हलला. प्लग काढून माळांवर मगाभर पाणी शिंपडलं, बाजूला झालो, प्लग पुन्हा लावला. आता टिनावर दीडशेच्या वर व्होल्ट. बाबा खाटेवरून पाहत होते. “म्हणजे पोट्टी खोटं नोती बोलत,” एवढंच ते बोलले.

एकेक माळ सुटी करून तपासली, तेव्हा तीन ठिकाणं सापडली. एके ठिकाणी बायंडिंग वायर इतकी आवळली होती, की टिनाच्या धारेने माळेचं पातळ आवरण चिरलं होतं. दुसरं ठिकाण पिळलेल्या जोडाचं. टेपच्या आत पाणी साचून होतं. तिसऱ्या ठिकाणी, दिवाळीच्या जुन्या माळेत, दोन बोटं लांब तांबं उघडं पडलेलं, कडेला बारीक दातांच्या खुणा. कापसाच्या खोलीतल्या उंदरांचं काम.

फ्यूज का उडाला नाही, हा थोरल्याचा प्रश्न रास्त होता. फ्यूज आणि एमसीबी (जास्त प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच) वायरिंग जळू नये म्हणून असतात. सहा ॲम्पिअरचा एमसीबी पडायला सहा हजार मिलिॲम्पिअरच्या पुढे प्रवाह लागतो. माणसाच्या हाताचे स्नायू मात्र साधारण दहा मिलिॲम्पिअरच्या पुढे आखडू लागतात आणि धरलेली तार सोडवत नाही. एलईडीच्या माळेत दिवे एकापाठोपाठ एक जोडलेले असतात, त्यामुळे माळेच्या मध्यावर गळती झाली तर तिथून वाहणारा प्रवाह थोडाच. तो फ्यूजच्या खिजगणतीतही येत नाही, पण ओल्या हाताला पुरून उरतो. आणि चिर माळेच्या फेजकडच्या टोकाशी असली, तर मध्ये अडवायला दिवेही नसतात.

विजेच्या माळेचा इतिहास सुरू होतो तो १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये. एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरातल्या नाताळच्या झाडावर ८० रंगीत बल्ब लावले. ते झाड दिवाणखान्यात होतं. आपल्या बाजारात दिवाळीला मिळणाऱ्या बहुतेक माळाही घरातच लावायच्या असतात. खोक्यावर तसं बारीक अक्षरात छापलेलं असतं, आणि खोकं पहिल्याच दिवशी चुलीत जातं.

समोरचे पर्याय

२४ तारखेला मधे एकच दिवस होता. २२ च्याच रात्री सपरीत बसून जे बोलणं झालं त्यात प्रत्येकाचं मत वेगळं.

बाबांचं मत सरळ : काढून टाका, तारा तेवढा लावा. धाकट्याचा चेहरा पडला. आश्चर्य म्हणजे सुनेने बाबांना विरोध केला. “सालात एकच तर सन आपला. लायटिंग राहू द्या, पन करंट नको,” ती म्हणाली. मला ही मागणी अगदी योग्य वाटली. सुरक्षिततेच्या नावाखाली सणच बंद करायला लावणारा सल्ला लोक एक वर्ष पाळतात, पुढच्या वर्षी पुन्हा तीच माळ बाहेर निघते.

थोरल्याचं म्हणणं, तीन जागा सापडल्याच आहेत, टेप मारू आणि चालवू. खर्च शून्य. पण सापडलेल्या तीन होत्या, म्हणजे आठ माळांत तेवढ्याच होत्या असं नाही. शिवाय गावात वांदरांच्या टोळ्या. ती टिनावर उड्या मारतात, लोंबणारं काहीही ओढतात. आज मारलेला टेप उद्या सकाळपर्यंत टिकेल याची हमी कोण देणार?

शेजारचा एक जण येऊन म्हणाला, टिनाला अर्थिंग देऊन टाका, काम फत्ते. हा सल्ला गावोगाव चालतो आणि अर्धाच बरोबर आहे. समजा चांगला खड्डा करून अर्थचा रोध २० ओहम आला. फेज टिनाला थेट टेकली तर प्रवाह २३० भागिले २०, म्हणजे फार तर साडेअकरा ॲम्पिअर. जाड तारेच्या किटकॅटला त्याने काही होत नाही. फ्यूज शाबूत, आणि टिनावर जवळजवळ सगळा दाब तसाच उभा. अर्थिंगला जोड लागते ती आरसीसीबीची. जाणाऱ्या आणि येणाऱ्या प्रवाहात ३० मिलिॲम्पिअरचा फरक पडायच्या आतच ती पुरवठा तोडते. नुसती आरसीसीबी लावली आणि अर्थिंग नसलं तरी ती काम करते, पण तेव्हा गळतीला वाट मिळते ती माणसाच्या अंगातून. अर्थिंग असलं तर माणूस यायच्या आधीच ती पडते.

याच शेजाऱ्याने, मीटरवरच भार नको म्हणून, खांबावरून आकडा टाकायचंही सुचवलं. तो वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली सरळ वीजचोरीचा गुन्हा, आणि त्या वायरीला फ्यूजही नाही. यावर चर्चा झाली नाही.

सोलरच्या माळा धाकट्याने मोबाइलवर दाखवल्या. डिसेंबरात आपल्याकडे आभाळ बहुतेक स्वच्छ, पॅनेल भरतं. पण दिवस अकरा तासांहून थोडा लहान आणि आतली बॅटरी चिमुकली. कॅरोलवाले रात्री बारानंतर आले तर अंधार. शिवाय एका दिवसात गावात पोचणार कशा?

उरला पर्याय १२ व्होल्टच्या पट्ट्यांचा. २३० व्होल्ट घराच्या आत ॲडाप्टरपाशीच थांबतात, बाहेर जातात ते १२. चिर पडली, वांदराने ओढली, ओल्या हाताने धरली, तरी झटका बसत नाही. अट एकच : ॲडाप्टर खात्रीचा हवा, बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण असलेला. बिननावाच्या ॲडाप्टरमध्ये आतल्या दोन बाजू एकमेकींपासून नीट वेगळ्या नसतील, तर १२ व्होल्टच्या वायरीलाही २३० ची भीती राहते.

आरसीसीबी आता लावायची की नंतर, यावर मी थोडा वेळ घेतला. ती अख्ख्या घराला लावावी असं पुस्तक सांगतं. पण जुन्या वायरिंगमध्ये न्यूट्रल कुठे कुठे एकमेकांत मिसळलेले असतात, पंप गळत असतो, आणि ती दर तासाला पडते. मग नाताळच्या रात्री कोणी तरी वैतागून तिला बायपास करतो, आणि तो बायपास कायमचा राहतो. म्हणून या वेळी ती फक्त सपरीच्या बोर्डापुरती लावायची आणि उरलेलं घर तुरीचे पैसे आल्यावर, असं ठरलं. हा तडजोडीचा निर्णय होता. मी तो आजही तसाच घेईन.

ताऱ्याचा कोपरा

खरी ओढाताण माळांवरून झाली नाही, ताऱ्यावरून झाली. धाकट्याने यंदा तारा मोठा केला होता आणि उंच बांबूवर, नेहमीच्या उजव्या कोपऱ्यावर उभा करणार होता. त्याच कोपऱ्यावर सर्व्हिस वायर येते. कमी दाबाच्या लाइनसाठी इमारतीपासून आडवं १.२ मीटर आणि छपरापासून उभं २.५ मीटर अंतर राखायचा नियम आहे. सर्व्हिस वायर स्वतः घरावर येतेच, पण आपण बाहेरून उभी करणार ती वस्तू तिच्यापासून तेवढी तरी लांब असावी, असा मी हिशेब धरला. इथे ताऱ्याची एक शेंडी वायरीपासून हातभर अंतरावर येत होती. सर्व्हिस वायरचं आवरण उन्हाने तडकलेलं. वारा सुटला की तारा झुलणार, आणि दवाने भिजलेला बांबू कोरड्या बांबूसारखा वागत नाही.

“तारा तठीच लागन. माह्या बापानं तठीच लावला होता,” बाबा म्हणाले. त्यांच्या वडिलांच्या काळी तिथे विजेचा खांब नव्हता, हे कोणीच बोलून दाखवलं नाही. मीही नाही. तो कोपरा का, एवढं विचारलं. तर रोडवरून येणाऱ्याला मारुतीच्या पाराजवळच्या वळणावर तारा दिसला पाहिजे, हे त्यामागचं कारण निघालं. थोरला आणि मी मोबाइलचा टॉर्च घेऊन त्या वळणावर गेलो. डाव्या कोपऱ्यावर धाकटा दुसरा टॉर्च धरून उभा. दिसत होता. निंबाची एक फांदी आड येत होती, ती छाटायची ठरली. बाबा सकाळी स्वतः वळणापर्यंत चालत जाऊन पाहून आले आणि मग हो म्हणाले.

काय केलं

२३ तारखेला सकाळी थोरला परतवाड्याला जाऊन सामान घेऊन आला : ३० मिलिॲम्पिअरची दोन पोलची आरसीसीबी, सहा ॲम्पिअरचा एमसीबी, १२ व्होल्ट ५ ॲम्पिअरचा ॲडाप्टर, सिलिकॉनचं आवरण असलेल्या आयपी ६५ च्या पाच-पाच मीटरच्या दोन पट्ट्या, जीआय पाइप, आणि नायलॉनची दोरी. आयपी म्हणजे धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा; त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ४४ म्हणजे उडणारे शिंतोडे सोसेल, ६५ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि पाण्याची धारही चालेल. दुकानदार ४४ चं देत होता. दवापुरतं तेही चाललं असतं, पण पट्ट्या पावसाळ्यापर्यंत तिथेच राहणार हे मला दिसत होतं.

सगळ्यात आधी जीआय तार काढली आणि नायलॉनची दोरी बांधली. सगळ्या यादीत स्वस्त तीच, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं काम तिनेच केलं. टिनाची गळती अंगणात आणणारी, रोज ओल्या हातांना भेटणारी वाट त्या तारेचीच होती.

दोघा भावांनी सब्बलीने खड्डा घेतला. काळी माती, डिसेंबरात अजून ओल धरून होती, त्यामुळे खणणं सोपं गेलं. अडीच मीटरचा पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी. त्याची वायर आधी बोर्डाला आणि मग टिनाच्या कैचीला नटबोल्टने जोडली. गंज खरवडून, खाली चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. रंगावर वायर आवळली तर ती नुसती शोभेची.

जुन्या माळा उतरवल्या. पट्ट्या टिनावर न टाकता वळचणीच्या आतल्या बाजूने, लाकडी पट्टीवर, बारीक प्लास्टिक क्लिपांनी बसवल्या. वांदराचा हात तिथे सहज पोचत नाही आणि वरचं पाणी थेट पडत नाही. धाकट्याने आधी दोन्ही पट्ट्या एकीला एक जोडल्या. पहिल्या टोकाला लखलखाट आणि दहाव्या मीटरला मिणमिण, कारण १२ व्होल्टला पातळ पट्टीत दाब लवकर घटतो. मग पुरवठा मधोमध आणला, दोन्ही पट्ट्या दोन दिशांना. फरक डोळ्याला कळेनासा झाला. दोन्ही मिळून साधारण ४८ वॅट. रात्री पाच तास लावल्या तर पाव युनिट.

आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण घरातल्या प्रत्येकाकडून एकदा दाबून घेतलं. नातीने तीनदा दाबलं.

निष्पत्ती

२४ च्या रात्री कॅरोलवाले आले, वळणावरून त्यांना तारा दिसला, फराळ झाला. सकाळी दव होतं. टिन आणि सळई यांच्यात पुन्हा मीटर लावला, नोंद घेण्याजोगं काही नव्हतं. २६ च्या पहाटे वांदरांनी डावीकडच्या पट्टीचं टोक शेवटी ओढलंच. दोन क्लिपा तुटल्या, पट्टी लोंबली, दिवे सुरूच राहिले. सुनेने ती हाताने उचलून परत अडकवली.

वेगळं काय करता आलं असतं

घरच्यांच्या बाजूने पाहिलं तर सगळ्यात महाग पडली असती ती पहिली दुपार. मुंग्या आल्या हे कळल्यावर करायचं होतं ते एकच : प्लग उपटायचा, आणि दुसऱ्या सकाळी मुंग्या येतात का ते पाहायचं. त्याला ना टेस्टर लागत, ना वायरमन. कारण नंतर शोधता आलं असतं. त्याऐवजी आधी कारण ठरलं आणि तपासणी त्या कारणाला पटेल अशा वेळी, अशा खुर्चीवर उभं राहून झाली.

धाकट्याने चार नव्या माळा वळचणीच्या आत, जोड न देता लावल्या असत्या, तर हे प्रकरण बहुधा घडलंच नसतं. आठ माळांचा हट्ट आणि जुन्या माळा न तपासता वर चढवणं, इथून सगळं सुरू झालं. वर्षभर पडून असलेली माळ जमिनीवर पसरून, हातातून संपूर्ण सरकवून पाहायला दहा मिनिटं लागतात. प्लग न लावता, अर्थातच.

माझ्या बाजूने एक मुद्दा मोकळाच आहे. बोर्डातला न्यूट्रलवरचा स्विच मी त्याच संध्याकाळी बदलून दिला, पण घरातले उरलेले बोर्ड उघडले नाहीत. वेळ नव्हता हे खरं. दुसरा कोणी उलट म्हणेल, की तोच वेळ आरसीसीबीऐवजी बोर्डांना द्यायला हवा होता. मला ते पटत नाही. स्विच दुरुस्त केला तरी चालू माळेची गळती थांबत नाही. पण हा वाद घालण्यासारखा आहे.

पुढे

एप्रिलमध्ये थोरल्याचा फोन आला. सपरीतल्या त्याच बोर्डावर कूलर लावला, की आरसीसीबी पडते. “सर, हे काढून टाकू का? कूलर त चांगला चालते, मांगच्या साली बी चालत होता.” मी काढू नको म्हणालो आणि गेलो. कूलरच्या पाण्याच्या मोटरचं आवरण फुटलं होतं, पत्र्याच्या टाकीत गळती होती. मागच्या उन्हाळ्यातही ती असणार. पाणी भरताना नळी धरून तिथे सूनच उभी राहत असे. मोटर बदलली, कूलर चालू झाला. त्याच दिवशी थोरल्याने मीटरपासूनची वायरिंग नवी करायचा अंदाज मागितला. तुरीचे पैसे तोवर बियाण्यात गेले होते, त्यामुळे दोन खोल्या झाल्या आहेत आणि कवेलूखालचा भाग अजून बाकी आहे.